पाखऱ्याची तिसरी खाच

॥ श्री ॥
नांदेड, दि. २९ ऑगस्ट २०२५

ती. स्व. ग्यानोबामामा यांस,
अयोध्याचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आपण मला काहीही विचारलेले नाही. विषयही असा, की जो गेली अकरा वर्षे आपल्या हातचा आहे. त्यावर आपल्या भाचीने आपणहून लिहावे हा आगाऊपणा आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. चार वेळा कागद घेतला आणि चार वेळा ठेवला. तरीही लिहीत आहे. आधी क्षमा करावी आणि मग पुढचे वाचावे.

काल मामींचा फोन आला होता. पोळ्यापासून गवत कापायची गाडी, आपला पाखऱ्या, सुरू होत नाही, हे त्यांनीच सांगितले. आपल्याला कळू देऊ नकोस असेही त्या म्हणाल्या. पण लपवून लिहिणे मला जमत नाही, म्हणून सांगून टाकते. त्यांच्यावर रागावू नये. त्यांच्या बोलण्यावरून मला समजले ते असे. संस्थेच्या मैदानावरचे गवत गुडघ्याला लागले आहे. सतरा सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन तिथेच आहे आणि यंदा साऱ्या तालुक्यातल्या शाळा संचलनाला येणार आहेत. पंधरा तारखेपर्यंत आपल्या हाताने गाडी चालली नाही, तर मैदान ठेकेदाराच्या माणसाकडे द्यायचे आणि आपल्याला फाटकावरच्या खुर्चीत बसवायचे, असे सचिव सिद्रामअप्पांनी सर्वांदेखत सांगितले. हे ऐकल्यापासून माझे वाचनात लक्ष नाही.

मी अकरावीला आपल्या घरी राहायला आले तेव्हा गवत कापायची ही गाडी येऊन पाच वर्षे झाली होती, आणि तिचे इंग्रजी माहितीपुस्तक कार्यालयाच्या कपाटात तसेच पडून होते. दिवाळीच्या सुट्टीत मी शब्दकोश घेऊन ते शंभर पानी वहीत मराठीत उतरवले. ‘चालकाने प्रथम ब्रेकचा पायटा पूर्ण दाबावा’ हे माझे वाक्य आपण सायकलवरून येता-जाता म्हणत असा, आणि मी लाजून घरात पळत असे. माझे लिखाण कुणीतरी पाठ केल्याची ती पहिली वेळ होती.

त्याच वहीच्या आधाराने विचारते. पोळ्याच्या दिवशी आपण पाखऱ्याला धुतले असणारच. पाणी पाइपच्या जोराने मारले की तांब्याने? बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी जमली आहे का? चावी फिरवल्यावर नुसते ‘टक्’ वाजते, की अजिबात आवाज नाही? पाती फिरवायची कळ खाली दाबलेली राहिली नाही ना? आणि पोळ्याच्या आधी, गाडी चालत असताना, तिने काही वेगळे वागून दाखवले होते का? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

फोन करण्याऐवजी पत्र का, हे आपण जाणताच. अकरा वर्षांच्या इंजिनाच्या आवाजाने आपले कान मंदावले आहेत आणि फोनवर आपण सगळ्यालाच हाव म्हणता. मागच्या महिन्यात पाऊस पडतो आहे का असे विचारले तर हाव. उघडीप आहे का विचारले, तरी हाव. म्हणून हे पत्र नांदेड-लातूर गाडीचे कंडक्टर लखनदादा यांच्या हाती देत आहे. आपल्या शिरूर अनंतपाळकडचेच असल्यामुळे ते नाही म्हणत नाहीत.

माझे इकडे ठीक आहे. एम.एस्सी.चे दुसरे वर्ष सुरू झाले. सोळा सप्टेंबरला विभागात ‘मराठीतून विज्ञान’ अशी व्याख्याने आहेत. पहिल्या वर्षी पहिली आले म्हणून सरांनी माझे नाव घातले होते. मी नेहमीप्रमाणे नम्रपणे काढून घेतले. मार्चमध्ये वक्तृत्व स्पर्धेच्या मंचाच्या पायरीवरून परत फिरले होते, ते आपण विसरला नसाल. मी लिहिणारी आहे, बोलणारी नव्हे.

सौ. मामींना नमस्कार. आपली माया आहे तशीच राहू द्यावी.

आपली भाची,
अयोध्या

—

॥ रेणुकामाता प्रसन्न ॥
लातूर, ता. ३१ ऑगस्ट

चि. अयोध्या हीस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. पत्रास कारण की,

तुझं पत्र पावलं. चार डाव वाचलं. माफी कशाची मागतीस? तुझी वही हाय म्हून मी हाय. आज घरात महालक्ष्म्या आल्यात, मामी मुखवट्यापुढं आरास करून राहिली, आन मी कोपऱ्यात बसून तुला लिहून राहिलो.

पोळ्याचं खरं सांगतो. आदल्या दिशी पाखऱ्याला आवतन दिलं. त्याला खांदे न्हाईत, म्हून बॉनेटला हळद-लोणी चोळलं. दुसऱ्या दिशी तांब्यानंच धुतला, पाईप लावला न्हाई, तेवढी अक्कल मला हाय. झूल घातली, पुरणाचा निवद दाखविला, दिवसभर जुंपला न्हाई. आपल्याला आता बैल कुठं हायत? हाच आपला बैल. तर तिसऱ्या दिशी बसलो, ब्रेक दाबला, चावी फिरविली. काहीच न्हाई. टक् बी न्हाई. मुका.

भुकटी व्हती ती गरम पाण्यानं आन जुन्या ब्रशानं काढली. पात्याची कळ वर हाय. पेट्रोल नवं हाय. वीरभद्र मिस्त्रीला बोलविलं. त्यानं काटा लावून बघितलं, बॅटरी बाराच्या वर दावती म्हनला, फ्यूज बी साबूत. मग तो सोता सीटवर बसला, आन काय सांगू पोरी, पयल्या चावीला सुरू! तो उतरला, मी बसलो, पुन्हा मुका. मग आपल्या हापिसातला दयानंद क्लार्क बसला, ज्यानं जन्मात गाडी चालविली न्हाई, त्याला बी सुरू. मी बसलो की बंद. सारं कॉलेज गोळा झालं. दयानंद म्हनला, ग्यानबा, पोळ्याला पुरणपोळी एकच खायाला दिली का, बैल रुसला तुझ्यावर. लोक लई हासले. सिद्रामअप्पा हासले न्हाईत. ते म्हनले, मशीन चांगली हाय, मानूस थकला.

ते हासले असते तर बरं झालं असतं.

वीरभद्रानं एक सोय सांगितली. सीटखाली दोन वायरी जात्यात, त्या एकमेकीला जोडून देतो म्हनला, मग कुनी बसो न बसो गाडी चालू व्हती. मी त्याला हात लावू दिला न्हाई. गाडी शिकवायला आलेल्या कंपनीच्या मानसानं सांगितलं व्हतं, ही वायर तोडू नको. गडी उडून पडला तर इंजिन आपसूक बंद झालं पायजे, न्हाईतर खाली पातं फिरतच राहतं. मैदानावर लेकरं खेळत्यात. फाटकावर बसीन, पर ते करनार न्हाई.

तू इचारलं म्हून आठवलं. श्रावणात गाडी चालता चालता बंद पडायची. लांब उडीच्या खड्ड्याकडं जमीन उंचसखल हाय, तिथं दनका बसला की फुस्स. मला वाटलं पेट्रोलात कचरा असंल.

देवीच्या मनात काय हाय कोन जाने. मला वाटतं माझ्या हातातच काही राहिलं न्हाई. तुला खोटं कशाला लिहू?

व्याख्यानाचं नाव काढून घेतलंस, ते वाचलं. तुझी मर्जी.

तब्येतीला जपून राहा. येत्या-जात्या बसनं लिहीत जा, मामावर लोभ ठेव.

तुझा मामा,
ग्यानोबा

—

नांदेड, दि. २ सप्टेंबर २०२५

ती. स्व. मामा यांस,
अयोध्याचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र काल दुपारी मिळाले. वायरी जोडू दिल्या नाहीत, हे वाचून मी वसतिगृहाच्या जिन्यातच थांबले. माझी मैत्रीण ऋतुजा हिला तो परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. माझे मामा कसे आहेत हे कुणाला तरी सांगावे असे वाटले.

आता ‘हातात काही राहिले नाही’ या वाक्याबद्दल लिहिते. ते मला मान्य नाही. का मान्य नाही, ते रीतसर मांडते.

बॅटरी अशक्त असती, तर ती वीरभद्र मिस्त्रींनाही नाही म्हणाली असती. पाणी मुरले असते, तर दयानंदभाऊंच्या वेळीच ते कोरडे कसे झाले? जी गाडी दोघांना चालते, ती बिघडलेली नाही. आणि आपण त्या दोघांपेक्षा शतपटीने जास्त वेळा ती सुरू केलेली आहे, तेव्हा आपलीही चूक नाही. म्हणजे दोष गाडीत नाही, हातात नाही. दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. दोघांच्या मध्ये काय आहे? सीट.

माझ्या वहीतले सातवे पान काढावे. ‘चालक आसनावर नसल्यास यंत्र सुरू होणार नाही, व चालताना चालक आसनावरून उठल्यास यंत्र बंद पडेल.’ सीटखाली एक कळ आहे. माणूस बसला की ती दबते आणि गाडीला समजते की माणूस आहे. खड्ड्यात दणका बसून आपण क्षणभर उचलले गेलात की गाडीला वाटले, माणूस गेला. कचरा पेट्रोलात नव्हता, मामा. श्रावणातच ती आपल्याला सांगत होती.

वीरभद्र मिस्त्री मी पाहिले आहेत. ते दोन माणसांचे एक आहेत. म्हणून एक प्रयोग सुचवते. घरातली दहा किलो ज्वारीची पिशवी मांडीवर घ्यावी, ब्रेक दाबावा आणि चावी फिरवावी. पाती जोडू नयेत. कुणी हसले तर हसू द्यावे. सुरू झाली, तर सीटखाली वाकून पाहावे आणि जे दिसेल ते जसेच्या तसे लिहावे.

एक प्रश्न विचारायला मन धजत नाही, तरी विचारते. आपले वजन सध्या किती आहे?

सौ. मामींना नमस्कार. महालक्ष्म्यांच्या प्रसादाचे सांगावे. उत्तराची वाट पाहते. राग नसावा, लोभ असावा.

आपली,
अयोध्या

—

॥ रेणुकामाता प्रसन्न ॥
लातूर, ता. ४ सप्टेंबर

चि. अयोध्या हीस मामाचे खूप खूप आशीर्वाद.

सुरू झाली!

खालचं मग लिहितो, आधी हेच पुन्हा लिहितो, सुरू झाली. सकाळी सातला, कुनी यायच्या आधी गेलो. ज्वारीची पिशवी मांडीवर घेतली, लेकरू घेतल्यागत. चावी फिरविली आन पाखऱ्यानं अशी हाक दिली की लिंबावरचे सारे बगळे उडाले. पिशवी खाली ठेविली, बंद. पुन्हा घेतली, सुरू. पाच डाव केलं. मग मी तिथंच बसून राहिलो पिशवी पोटाशी धरून. एवढ्यात दयानंद आला. म्हनला, ग्यानबा, दळन टाकायला निघाला काय गाडीवर? मी म्हनलो, माझ्या भाचीनं नांदेडात बसून, गाडीला हात न लावता रोग धरला, तू इथं बसून काय धरलंस? त्यानं तोंड बारीक केलं. खोटं कशाला बोलू, मला लई गोड वाटलं.

तू सांगितलं तसं खाली वाकून बघितलं. सीटखाली एक जाड स्प्रिंग हाय आन तिला अडकवायच्या तीन खाचा हायत. ती सगळ्यात मागच्या, तिसऱ्या खाचंत हाय. मीच ओढली व्हती दोन सालामागं. तवा बसलो की सीट धपकन खाली टेकायची, कंबर दुखायची, म्हून ताठ केली. त्याचा काही संबंध हाय का?

वजनाचं काय मनावर घेतीस. पावसाळ्यात मानूस जरा उतरतोच. आता पिशवी हाय ना, पिशवी घिऊनच सारं मैदान कापतो.

मामी म्हनते तुला प्रसादाच्या करंज्या धाडते. ख्यालीखुशाली कळवीत जा.

तुझा मामा,
ग्यानोबा

—

लातूर, ता. ५

अयोध्या पोरी,
मामीचा आशीर्वाद. मला नीट लिहिता येत न्हाई. पेन्सिलीनं लिहून राहिले, ते अंगणात हायत तवर. करंज्याच्या डब्यात तळाला घालते, म्हंजी तुलाच सापडंल.

तू वजन इचारलंस म्हून सांगते. हे रातचं जेवत न्हाईत. पाच म्हयने झाले. तू मार्चात ते भाषन न करता रडत आलीस ना, तू नांदेडला माघारी गेलीस आन हे चैत्रात माहूरला गेले. गडावर देवीपुढं बोलून आले. पोरगी भरल्या सभंत उभी राहून बोलंल, त्या दिशी रातचं जेवीन, तवर एकच वखत. मला बी पंधरा दिसांनी कळलं. श्रावणात सोमवार, शनिवार दुपारचं बी सोडलं. महालक्ष्म्यांच्या जेवनाला सोळा भाज्या, पुरन, आंबील केली, पर जेवन रातचं. ताटावर बसले, हात जोडले, उठले. पावन्यांना म्हनले पोट जड हाय. सदऱ्याच्या गुंड्या मी दोन डाव सरकविल्या. करदोरा ढिल्ला झाला.

मी लई भांडले. म्हनले, आवं तिला कळलं तर तिला काय वाटंल? म्हनले, तिला कळू द्यायचं न्हाई, नवस कळला की पोरीच्या जिवाला घोर लागतो, तिनं तिच्या मनानं बोललं पायजे.

तर मी सांगितलं न्हाई. डब्यानं सांगितलं.

करंज्या चार दिसांत खा, सारनाला वास लागतो. मामीला इसरू नको.

तुझी मामी,
रुक्मिणबाई

—

नांदेड, दि. ८ सप्टेंबर २०२५

ती. स्व. मामा यांस,
अयोध्याचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

करंज्या पोहोचल्या. फार चांगल्या झाल्या होत्या. डबा तळापर्यंत रिकामा केला, असे मामींना सांगावे.

आज मला एक कबुली द्यायची आहे. आपण स्प्रिंगचे लिहिलेत ते वाचून मी ग्रंथालयातल्या संगणकावर पाखऱ्याचे मूळ इंग्रजी पुस्तक शोधून काढले. त्यात एक पान असे आहे, जे माझ्या वहीत नाही. आसनाची स्प्रिंग चालकाच्या वजनाप्रमाणे लावावी, हलक्या माणसासाठी पुढची खाच, मध्यम माणसासाठी मधली आणि जड माणसासाठी मागची, असे तिथे चित्रासहित दिले आहे. अकरावीत मी ते पान पाहिले होते. हे आरामापुरते आहे, यात विज्ञान नाही, असे मनाशी ठरवून मी ते गाळले. ती एकच गोष्ट मी गाळली, आणि तेवढीच आज लागली. आपण माझी वही पूर्ण समजून वापरत राहिलात. चूक माझी आहे, आपली नव्हे. गाळलेले पान सोबत स्वच्छ लिहून पाठवत आहे. वहीत सातव्या पानानंतर चिकटवावे.

आता कृती. गाडी बंद, चावी खिशात. सीट पुढे उलटी करावी. वीरभद्र मिस्त्रींची पकड घेऊन स्प्रिंग तिसऱ्या खाचेतून काढून पहिल्या खाचेत अडकवावी. ज्वारीची पिशवी घरी ठेवावी. पिशवी घेऊन मैदान कापू नये. दणक्याने ती खाली आली तर आपणही तिच्यामागे जाल. वायरींना कुणालाही हात लावू देऊ नये, हे आपण मला शिकवले आहेच.

आणि सिद्रामअप्पांनी कारण विचारले, तर खरे सांगावे. गाडी थकली नव्हती आणि चालकही थकला नव्हता. चालक हलका झाला होता. ते का, एवढे मी आपल्याला या पत्रात विचारत नाही.

आपली माया मला फार वर्षांपासून ठाऊक आहे. तिचे वजन मात्र मी आजवर कधी केले नव्हते. असो.

लोभ आहे, तो तसाच ठेवावा.

आपली,
अयोध्या

—

॥ रेणुकामाता प्रसन्न ॥
लातूर, ता. १२ सप्टेंबर

चि. अयोध्या हीस मामाचे आशीर्वाद.

स्प्रिंग पयल्या खाचंत घातली. पिशवी न घेता बसलो. पयल्या चावीला सुरू. काल सिद्रामअप्पांसमोर साऱ्या मैदानाला दोन फेरे मारले. लांब उडीच्या खड्ड्याकडं मुद्दाम नेला, बंद पडला न्हाई. वीरभद्र आला व्हता, त्यानं माझ्या पाठीत धपका मारला, त्यानं मी खोकललो. तुझं पान वहीत चिकटविलं. वही अप्पांना दाखविली. त्यांनी उभ्यानं चार पानं वाचली. इचारलं, हे अक्षर कुनाचं? मी सांगितलं, माझ्या भाचीचं, अकरावीतलं. ते म्हनले, ही वही हापिसात जपून ठेवा, हिची झेरॉक्स काढून घ्या. दयानंदालाच झेरॉक्सला धाडलं. त्यो वही दोन्ही हातात धरून गेला.

सतराला मैदान मीच कापनार, ते पक्कं झालं. पर पुढचं बी लिहितो, तुझ्यापाशी काही झाकून राहत न्हाई असं दिसतंय. अप्पांनी कारन इचारलं. मी सांगितलं, सायेब, मी हलका झालो. त्यांनी मला तिथल्या तिथं जिमखान्यातल्या काट्यावर उभं केलं. शेहेचाळीस. पयलं मी बासष्ट व्हतो. त्यांना बी कसंसंच झालं. म्हनले, ग्यानोबा, मशीन तुमचीच, पर वाऱ्यानं उडनारा मानूस मी पात्यावर बसवू शकत न्हाई, उद्या काही झालं तर मी कुनाला तोंड दावू? दिवाळीपर्यंत पन्नास करून दाखवा. न्हाईतर फाटकाची खुर्ची हाय. ते रागानं बोलले न्हाईत.

तर एवढं हाय. पन्नास करायचे तर दोन वखत खावं लागतं, आन ते माझ्या हातात न्हाई. मी एक शब्द देऊन बसलोय. कुनाला दिला, काहून दिला, इचारू नको. दिलेला शब्द खाली ठेवून जी खुर्ची मिळंल, तिच्यावर मला नीट बसता यायचं न्हाई, मग स्प्रिंग कोनत्या बी खाचंत असू दे. मामीवर रागावलो न्हाई. डब्याचं मला कळलं. माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलेलं व्हतं.

तू जिवाला घोर लावून घिऊ नको. तुझं तू शीक. फाटकावरची खुर्ची बी लोखंडाचीच असती.

आशीर्वाद हायतच, ते मागावं लागत न्हाईत.

तुझा मामा,
ग्यानोबा

—

॥ श्री ॥
नांदेड, दि. १६ सप्टेंबर २०२५

ती. स्व. ग्यानोबामामा यांस,
अयोध्याचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र घाईने लिहीत आहे. अक्षराकडे पाहू नये. आपला मजकूर शुक्रवारी मिळाला. शनिवारी सकाळी मी सरांच्या दारात उभी राहिले आणि काढून घेतलेले नाव पुन्हा घालावे अशी विनंती केली. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले, आणि विषय कोणता असे विचारले. मी म्हणाले, सुरू न होणारे यंत्र.

आज सकाळी अकरा वाजता विभागाच्या सभागृहात मी बोलले.

सगळे सांगते, कारण आपण तिथे नव्हतात आणि फोनवर ऐकू येणार नाही. समोर एकशे चाळीस माणसे होती. ऋतुजाने खुर्च्या मोजल्या. मंचाला तीन पायऱ्या आहेत. दुसरीवर माझे पाय थांबले, तेच, मार्चसारखे. हातातल्या कागदावरची अक्षरे एकमेकांत मिसळलेली. काय करावे सुचेना. तेव्हा मनात म्हटले, चालकाने प्रथम ब्रेकचा पायटा पूर्ण दाबावा. आणि उजवा पाय तिसऱ्या पायरीवर दाबून ठेवला. तो ठेवल्यावर डावा आपोआप आला.

कागद मी टेबलावर पालथा ठेवला. पहिले वाक्य असे बोलले: माझे मामा लातूरला एका मैदानावर गवत कापायची गाडी चालवतात आणि ती गाडी त्यांना ओळखेनाशी झाली होती. बॅटरी, फ्यूज, पाणी, पेट्रोल, एकेक कारण कसे बाजूला सारायचे, दोन माणसांना चालणारे यंत्र बिघडलेले का म्हणायचे नाही, सगळे सांगितले. ज्वारीच्या पिशवीला लोक हसले, तशी मीही हसले. पस्तीस मिनिटे झाली हे मला सरांच्या घड्याळावरून कळले.

शेवटी एका मुलाने उभे राहून विचारले, की एवढा खटाटोप कशाला, सीटखालच्या दोन वायरी जोडल्या की काम झाले असते. मामा, उत्तर मी तयार केलेले नव्हते. मी म्हणाले, मिस्त्रींनी हेच सुचवले होते आणि माझ्या मामांनी गाडी हातातून जाण्याची वेळ आली तरी नकार दिला, कारण त्या मैदानावर मुले खेळतात. असेही म्हणाले, की मला हे सारे भौतिकशास्त्रात शिकवले गेले, पण कोणती कळ कधीही बायपास करायची नाही, हे सातवी शिकलेल्या माणसाने शिकवले. तेव्हा टाळ्या झाल्या. त्या आपल्या आहेत. मी फक्त उभी होते.

मामींनी सांगितले ते मला ठाऊक आहे, हे आपल्यालाही ठाऊक आहे, तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. आपण म्हणाला होतात, पोरीने तिच्या मनाने बोलले पाहिजे. पहिल्या पायरीपर्यंत मी आपल्यासाठी गेले, हे खरे लिहिते. पण तिसरीच्या पुढचे माझ्या मनाचे होते. अर्धे झाल्यावर मला थांबावेसे वाटत नव्हते. पुढच्या महिन्यात दोन महाविद्यालयांतून बोलावणे आहे, आणि दोन्हींना मी हो म्हणून बसले आहे.

तेव्हा नवस पूर्ण झाला. देवीला पुरावा लागत नाही, पण आपल्याला लागेल, हे ओळखून विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याचा दाखला सोबत जोडला आहे: कु. अयोध्या हिने भरलेल्या सभागृहात उभे राहून भाषण केले. ‘भरलेल्या’ हा शब्द मी आग्रहाने घालून घेतला. सरांना कारण विचारायचे होते, पण त्यांनी विचारले नाही.

डब्यात धपाटे आहेत. ऋतुजाच्या आईने आज पहाटे अर्धापूरहून करून पाठवले. केळीही पाठवली होती, पण ती मी परत केली, कारण केळी उपवासाला चालतात आणि आपण त्यांवरच भागवले असते. लखनदादांची गाडी साडेसहाला लातूरला पोहोचते. आज रात्री मामींनी दोन ताटे घ्यावीत. आधी देवीला नैवेद्य दाखवावा आणि मग पोटभर जेवावे. उद्या पहाटे मैदान कापायचे आहे. उपाशी पोटी पाखऱ्यावर बसू नये.

उद्या झेंडावंदनाला मी तिथे नसेन. पण आपण कापलेल्या गवतावर साऱ्या तालुक्याची मुले उभी राहतील, तेव्हा इकडे मीही उभी राहीन.

दिवाळीला येते. जिमखान्याच्या काट्यावर मी सोबत येणार आहे. त्याआधी एखाद्या सकाळी पाखऱ्याची सीट आपल्या भाराने पुन्हा धपकन खाली टेकली, कंबर दुखली, तर रागावू नये. पकड घ्यावी, स्प्रिंग मधल्या खाचेत सरकवावी, आणि मला दोन ओळी लिहाव्यात. ज्या दिवशी ती पुन्हा तिसऱ्या खाचेत जाईल, त्या दिवसाच्या पत्राची मी वाट पाहते आहे. तोवर माझ्यावरचा लोभ वाढला नाही तरी चालेल, आपण वाढावे.

आपली भाची,
अयोध्या

नांदेड बसस्थानक, लखनदादांच्या हाती डब्यासह दिले: मंगळवार, दि. १६ सप्टेंबर २०२५, दुपारी २ वाजून ३५ मिनिटे.